इंग्रजी प्रिपोझिशन आणि त्यापुढील धातुसाधित नाम

निबंधाच्या वह्या तपासतांना कांहीं चुका अशा भेटतात कीं, त्या एका वर्गापुरत्या किंवा एका वर्षापुरत्या नसतात. विद्यार्थी बदलतात, पाठ्यपुस्तकें बदलतात, परंतु चूक मात्र वडिलोपार्जित वतनाप्रमाणें एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत येते. ‘ही इन्सिस्टेड टू गो’, ‘आय ॲम फॉन्ड टू रीड’, ‘शी वेंट विदाउट टेल मी’, ‘आफ्टर एट, वुई प्लेड’ हीं वाक्यें त्याच कुळांतलीं होत. या चारही वाक्यांचा भाव कोणासही कळेल. पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्या कानास तीं चारही खटकतील. विशेष हें कीं, चारही चुकांचें मूळ एकच आहे व त्यांवरील उपायही एकच आहे. तो उपाय कोणता आणि तो कां लागू पडतो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नियम सांगतों. इंग्रजींत प्रिपोझिशनच्या पुढें क्रियापद योजण्याचा प्रसंग आला, तर त्या क्रियापदास ‘इंग’ हा प्रत्यय लावून त्याचें नाम करावें लागतें. या नामास इंग्रजी व्याकरणांत ‘जेरंड’ म्हणतात. मराठींत आपण त्यास धातुसाधित नाम म्हणूं. म्हणून वरील चार वाक्यें शुद्ध रूपांत अशीं होतील: ‘ही इन्सिस्टेड ऑन गोइंग’, ‘आय ॲम फॉन्ड ऑफ रीडिंग’, ‘शी वेंट विदाउट टेलिंग मी’, ‘आफ्टर ईटिंग, वुई प्लेड’. ऑन, ऑफ, विदाउट व आफ्टर हीं चार प्रिपोझिशनें झालीं. त्यांच्या पुढें गोइंग, रीडिंग, टेलिंग व ईटिंग हीं चार धातुसाधित नामें आलीं. नियम एवढाच.

परंतु नुसता नियम पाठ करून भागत नाहीं. पाठ केलेला नियम परीक्षेच्या आदल्या रात्रीं स्मरतो आणि दुसरे दिवशीं कागद पुढें आला कीं विसरतो. नियमाचें कारण ज्यास कळलें, त्यास नियम विसरला तरी तो पुन्हां शोधून काढतां येतो. तर मग कारण काय?

कारण असें कीं, प्रिपोझिशन हें नामाचें चाकर आहे. नामाचा वाक्यांतील इतर शब्दांशीं संबंध जोडून देणें हेंच त्याचें काम. ‘ऑन द टेबल’, ‘विदाउट मनी’, ‘आफ्टर द रेन’ असें तें नामाच्या पुढें उभें राहून चालतें. नामावांचून त्यास पाऊल टाकवत नाहीं. तेव्हां नामाच्या जागीं क्रियापद आणावयाचें झाल्यास, त्या क्रियापदानें नामाचा पोषाख चढविल्याशिवाय प्रिपोझिशन त्यास ओळख देत नाहीं. ‘इंग’ हा तो पोषाख होय.

हें ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, ही परक्या भाषेची विलक्षण लहर आहे. वास्तविक पाहतां हाच कायदा आपण रोज घरीं, आईशीं बोलतांना, एकदांही न चुकतां पाळीत असतों. मराठींत प्रिपोझिशनचें काम शब्दयोगी अव्यय करतें; भेद इतकाच कीं, इंग्रजी अव्यय नामाच्या आधीं येतें व मराठी अव्यय नामाच्या मागून येतें. ‘पुस्तक’ या नामाचें सामान्यरूप ‘पुस्तका’ असें करून आपण ‘पुस्तकासाठीं’ म्हणतों. आतां ‘वाच’ या धातूस ‘साठीं’ जोडून पाहा. ‘वाचसाठीं’ असें दोन वर्षांचें मूलही म्हणणार नाहीं. तें ‘वाच’चें प्रथम ‘वाचणें’ असें नाम करतें, त्या नामाचें ‘वाचण्या’ असें सामान्यरूप करतें, आणि मग ‘वाचण्यासाठीं’, ‘वाचण्यांत’, ‘वाचण्यामुळें’, ‘वाचण्याबद्दल’ असें बोलतें. व्याकरणाचें पुस्तक त्यानें पाहिलेलेंही नसतें. म्हणजे ‘फॉर रीडिंग’ आणि ‘वाचण्यासाठीं’ हीं एकाच नियमाचीं दोन भाषांतील दोन रूपें झालीं. ज्या विद्यार्थ्यास इंग्रजींत ‘फॉर रीड’ लिहावेंसें वाटेल, त्यानें क्षणभर थांबून मनांत ‘वाचसाठीं’ असा उच्चार करून पाहावा. त्याचे कानच त्यास सावध करतील. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथांत शब्दयोगी अव्ययें व धातुसाधितें यांचें विस्तृत विवेचन आहे. ज्यांस आपल्या भाषेची बांधणी पाहण्याची हौस असेल त्यांनीं तो ग्रंथ अवश्य चाळावा.

मात्र एके ठिकाणीं मातृभाषा आपणांस थोडी चकविते, हेंही सांगितलें पाहिजे. मराठींत अशा प्रसंगीं एक नव्हे तर दोन सांचे आहेत. ‘जेवण्यापूर्वीं हात धुवा’ येथें ‘ण्या’चा सांचा आला; परंतु ‘जेवल्यानंतर हात धुवा’ येथें ‘ल्या’चा सांचा आला. जी क्रिया अद्याप व्हावयाची आहे तिला एक रूप व जी होऊन चुकली तिला दुसरें रूप, असा हा सूक्ष्म विवेक आहे. इंग्रजीस येथें एकच सांचा पुरतो: ‘बिफोर ईटिंग’ आणि ‘आफ्टर ईटिंग’. मराठी ‘जेवल्यानंतर’मधील भूतकाळाची छाया विद्यार्थ्याच्या मनावर पडते, आणि तो ‘आफ्टर एट’ असें लिहून मोकळा होतो. चुकीचें कारण आळस नसून भाषांतर असतें. क्रिया पूर्ण झाली हें मुद्दाम दाखवावयाचेंच असेल, तर ‘आफ्टर हॅविंग ईटन’ असें म्हणतां येतें. तथापि बहुधा साधें ‘ईटिंग’ पुरेसें होतें.

आतां हें धातुसाधित नाम कोणत्या जातीचें आहे तें पाहूं. तें अर्धें नाम व अर्धें क्रियापद आहे. ‘बाय रीडिंग गुड बुक्स केअरफुली’ या शब्दसमूहांत ‘रीडिंग’ हें ‘बाय’च्या ताब्यांत आहे, म्हणून नाम आहे, परंतु त्याच वेळीं त्यानें ‘गुड बुक्स’ हें कर्म घेतलें आहे आणि ‘केअरफुली’ हें क्रियाविशेषण घेतलें आहे, म्हणून तें क्रियापदही आहे. ‘चांगलीं पुस्तकें लक्षपूर्वक वाचण्यानें’ असें आपण म्हणतों तेव्हां मराठी ‘वाचणें’ही हुबेहूब असेंच वागतें. याच्या उलट ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतें पाणी, यांतील ‘रनिंग’ हें पाण्याचा गुण सांगतें. तें नाम नसून धातुसाधित विशेषण आहे. रूप एक, पण धंदे दोन.

एकाच रूपानें दोन धंदे कां पत्करले, याचें उत्तर इंग्रजी भाषेच्या इतिहासांत सांपडतें. सुमारें १,००० वर्षांपूर्वींच्या जुन्या इंग्रजींत हे दोन प्रत्यय निरनिराळे होते. क्रियेचें नाम करण्यास ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय लागे, व धातुसाधित विशेषण करण्यास ‘एंडे’ हा प्रत्यय लागे. पुढें मध्ययुगांत उच्चार झिजत जाऊन विशेषणाचा प्रत्ययही ‘इंग’ असाच होऊन बसला. त्याच काळांत, जें पूर्वीं केवळ नाम होतें तें हळूहळू कर्म व क्रियाविशेषण घेऊं लागलें. ‘जेरंड’ हें नांव मात्र लॅटिन व्याकरणांतून आलें आहे. तेथेंही ‘ॲड’ इत्यादि अव्ययांच्या पुढें इन्फिनिटिव्ह न येतां जेरंड येत असे. परंतु सर्वच युरोपीय भाषांची ही रीत नाहीं. फ्रेंच व पोर्तुगीज या भाषांत ‘न बोलतां’ अशा अर्थीं अव्ययापुढें सरळ इन्फिनिटिव्ह योजतात. गोमंतकांतील ज्या वाचकांस पोर्तुगीज येतें, त्यांस हा भेद तत्काळ ध्यानांत येईल. तेव्हां ‘विदाउट’च्या पुढें ‘इंग’ येतें हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. तो इंग्रजीचा स्वभाव आहे, आणि ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्या घरची रीत पाळणें हा सभ्यपणा आहे.

येथवर वाट सरळ आहे. खरी अडचण ‘कोणतें प्रिपोझिशन?’ या प्रश्नापाशीं येते. इंग्रजींत एकाच अर्थाचे दोन शब्द असतात, आणि त्यांपैकीं एक ‘टू’सह साधें क्रियापद घेतो व दुसरा प्रिपोझिशनसह धातुसाधित नाम घेतो. ‘एबल टू डू’ म्हणावें, परंतु ‘केपेबल ऑफ डूइंग’. ‘ही मॅनेज्ड टू एस्केप’ म्हणावें, परंतु ‘ही सक्सीडेड इन एस्केपिंग’. ‘आय रिफ्यूज टू स्पीक’ म्हणावें, परंतु ‘आय रिफ्रेन फ्रॉम स्पीकिंग’. ‘ही फर्बेड मी टू गो’ म्हणावें, परंतु ‘ही प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग’. अशा जोड्यांत अर्थावरून रूप ठरवूं गेल्यास फसगत होते. यावर माझा उपाय असा आहे: नवा शब्द शिकतांना तो एकटा शिकूं नये, त्याच्या पाठीशीं असणाऱ्या प्रिपोझिशनसह शिकावा. ‘फॉन्ड’ असा शब्द वहींत टिपूं नका, ‘फॉन्ड ऑफ’ असा टिपा. त्याचप्रमाणें ‘टायर्ड ऑफ’, ‘गुड ॲट’, ‘इन्सिस्ट ऑन’, ‘पर्सिस्ट इन’, ‘थिंक ऑफ’, ‘इन्स्टेड ऑफ’, ‘इन स्पाइट ऑफ’. दाराबरोबर कडी घेतली म्हणजे मागाहून कडी शोधीत हिंडावें लागत नाहीं.

आतां सर्वांत बिकट जागा, म्हणजे ‘टू’. हा दोन अक्षरांचा शब्द इंग्रजींत दोन वेष घेऊन वावरतो. एका वेषांत तो इन्फिनिटिव्हची खूण असतो: ‘आय वाँट टू रीड’. दुसऱ्या वेषांत तो खराखुरा प्रिपोझिशन असतो: ‘आय गो टू स्कूल’. पहिल्या ‘टू’पुढें साधें क्रियापद येतें, दुसऱ्या ‘टू’पुढें नाम, आणि म्हणून क्रियापद आल्यास त्याचें धातुसाधित नाम. ‘टू’ दिसला कीं पुढें साधें क्रियापद, असें जो धरून चालतो, तो ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ असें लिहितो. शुद्ध वाक्य ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ असें आहे.

येथें मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, शिक्षक होऊन मला फार दिवस झाले नव्हते. पदवीचा कागद नवा होता आणि तांबड्या शाईवर माझा विश्वास दांडगा होता. आठव्या इयत्तेंतील एका मुलानें निबंधांत लिहिलें होतें: ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह’. मी ‘गेटिंग’ शब्दावर काट मारली, वर ‘गेट’ असें लिहिलें, आणि अर्धा गुण कापला. मुलगा वही घेऊन मजपाशीं आला व हळूच म्हणाला, ‘सर, आईच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरबाई असेंच म्हणतात.’ त्याची आई परिचारिका होती. मी त्यास म्हणालों, ‘डॉक्टरबाई औषध देतात, व्याकरण आपण शाळेंत शिकतों.’ वर्ग हंसला. मुलगा खालीं मान घालून जागेवर जाऊन बसला.

त्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत वाचतां वाचतां मला तीच रचना एका पुस्तकांत भेटली, मग दुसऱ्यांत भेटली. कोश उघडून पाहिला, आणि माझा मला फार विषाद वाटला. ‘आय यूज्ड टू गेट अप’ म्हणजे ‘मी पूर्वीं उठत असें’. तेथें ‘टू’ ही इन्फिनिटिव्हची खूण आहे. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप’ म्हणजे ‘मला उठण्याची संवय आहे’. तेथें ‘टू’ हा प्रिपोझिशन आहे. मुलानें जें लिहिलें तें बरोबर होतें, व मी जें केलें तें चूक होतें. जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां सर्व वर्गासमोर त्याची क्षमा मागावी असें ठरवून मी गेलों. पण वडिलांची बदली झाल्यामुळें तो मुलगा शाळा सोडून गेला होता. वर्गापुढें मी माझी चूक कबूल केली. त्याच्या नव्या पत्त्यावर एक कार्डही लिहिलें. त्याचें उत्तर आलें नाहीं. तें पोंचलें कीं नाहीं हेंही कळलें नाहीं. तेव्हांपासून वहींत अनोळखी रचना दिसली, तर मी तांबडी शाई उचलण्यापूर्वीं शिसपेन्सिलीनें समासांत एक लहानसें प्रश्नचिन्ह करतों व घरीं जाऊन पाहतों. अर्ध्या गुणाची भरपाई करतां येते. पण बरोबर असून हंसें झालेल्या मुलाचा आपल्या कानांवरील विश्वास उडाला, तर त्याची भरपाई कशानें करावी?

मला त्या दिवशीं एक साधी कसोटी ठाऊक असती तर हा प्रसंग ओढवला नसता. ती कसोटी अशी: ‘टू’च्या पुढें क्रियापदाऐवजीं एखादें साधें नाम ठेवून पाहावें. वाक्य चाललें तर तो ‘टू’ प्रिपोझिशन आहे, व क्रियापदास ‘इंग’ लावावें. ‘आय ॲम यूज्ड टू हार्ड वर्क’ हें वाक्य चालतें. म्हणून ‘यूज्ड टू गेटिंग अप’. ‘आय लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज’ हें चालतें. म्हणून ‘लुक फॉरवर्ड टू गोइंग होम’. उलट ‘आय वाँट टू मँगो’ हें चालत नाहीं. म्हणून ‘आय वाँट टू ईट’. याच कसोटीनें ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अकस्टम्ड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’, ‘डिव्होटेड टू’ यांतील ‘टू’ प्रिपोझिशन ठरतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘अकस्टम्ड टू’च्या पुढें साधें क्रियापदही आढळतें. त्यावरून गोंधळूं नये. भाषेची वहिवाट काळाप्रमाणें बदलते, व आजची वहिवाट ‘इंग’कडे आहे.

चौकस विद्यार्थी येथें विचारील कीं, ‘टू’ला हा दुसरा वेष मिळाला कोठून? तर मुळांत तोही प्रिपोझिशनच होता. जुन्या इंग्रजींत ‘टू सिंगेन्ने’ असें म्हणत. त्यांतील ‘एन्ने’ हा विभक्तीचा प्रत्यय होता, आणि सर्व शब्दाचा अर्थ ‘गाण्याकडे, गाण्यासाठीं’ असा होता. पुढें प्रत्यय गळून गेला, ‘टू’ची दिशादर्शक शक्ति क्षीण झाली, आणि ती केवळ खूण उरली. एवढेंच नव्हे, तर हेतु दाखविण्यास ती अपुरी वाटून लोक ‘फॉर टू’ असे दोन शब्द जोडून बोलूं लागले. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत ही रचना ठिकठिकाणीं आढळते. प्रमाण इंग्रजींत आतां ती योजीत नाहींत. म्हणून हेतु सांगतांना ‘आय केम फॉर टू लर्न’ किंवा ‘आय केम फॉर लर्न’ असें न लिहितां ‘आय केम टू लर्न’ असें लिहावें.

नियमास अपवादही आहेत. ‘बट’ व ‘एक्सेप्ट’ हे शब्द ‘शिवाय’ या अर्थीं आले असतां, त्यांच्या पुढें पुष्कळदां साधें क्रियापद येतें: ‘ही डिड नथिंग बट क्राय’, म्हणजे त्यानें रडण्याशिवाय कांहीं केलें नाहीं. तसेंच ‘अबाउट टू’ म्हणजे ‘आतां करणारच’ या अर्थीं ‘द ट्रेन इज अबाउट टू स्टार्ट’ असें म्हणतात. अपवाद हे इतके थोडे आहेत कीं, ते स्मरणांत ठेवणें कठीण नाहीं.

शेवटीं आणखी एक खांचखळगा दाखवून देतों. मराठींत ‘मी वर्गांत शिरल्यावर घंटा झाली’ हें वाक्य निर्दोष आहे. शिरणारा एक व वाजणारी दुसरी, असा कर्त्यांचा भेद मराठीस चालतो. विद्यार्थी याचें भाषांतर ‘ऑन एंटरिंग द क्लास, द बेल रँग’ असें करतो. पण इंग्रजी वाचक अशा रचनेंत पुढील वाक्याच्या कर्त्यासच मागील क्रियेचा कर्ता समजतो. त्यामुळें घंटाच दारांतून वर्गांत शिरली असा अर्थ होऊन हंसूं येतें. येथें ‘ॲज आय एंटर्ड द क्लास, द बेल रँग’ असें लिहावें. कर्ता निराळा आहे हें धातुसाधित नामासहच दाखवावयाचें असेल, तर त्याच्या आधीं षष्ठीचें रूप ठेवण्याचा प्रघात आहे: ‘ही ऑब्जेक्टेड टू माय गोइंग’. ‘माय’ऐवजीं ‘मी’ म्हणावें कीं नाहीं, यावर मोठ्या पंडितांचाही वाद झाला आहे. फाउलर यांनीं १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशांत ‘मी गोइंग’ या धर्तीच्या रचनेचा निषेध केला; तर डेन्मार्कचे व्याकरणपंडित येस्पर्सन यांनीं ती रचना इंग्रजीच्या स्वाभाविक वाढींतून आलेली आहे असें दाखविलें. आज बोलण्यांत दोन्ही ऐकूं येतात. विद्यार्थ्यानें लिहितांना ‘माय’ योजावें. त्यांत कोणासही दोष काढतां येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ‘इंग’ ही तीन अक्षरांची शेपटी लावली काय, न लावली काय, असें कदाचित् तुम्हांस वाटेल. पण पुढें नोकरीच्या अर्जांत, अपरिचितास लिहिलेल्या पत्रांत, तुमच्याऐवजीं तुमचें वाक्यच समोर उभें राहणार आहे. तें नीटनेटकें असावें. आजपासून एक करा. जें इंग्रजी पुस्तक वाचीत असाल त्याचें एक पान रोज घ्या, त्यांतील प्रिपोझिशनांच्या पुढें आलेलीं धातुसाधित नामें पेन्सिलीनें एका वहींत उतरून काढा, व प्रत्येकापुढें तिचें मराठी रूप लिहा: ‘विदाउट आस्किंग’, न विचारतां, ‘बाय वर्किंग’, काम करण्यानें, ‘बिफोर स्लीपिंग’, निजण्यापूर्वीं. महिनाभरांत हात आपोआप बरोबर चालूं लागेल. आणि अशा वाचनानें कमावलेल्या कानास जें शुद्ध वाटतें तें एखाद्या शिक्षकानें चूक ठरविलें, तर खालीं मान घालून जागेवर जाऊन बसूं नका. नम्रपणें त्यांस म्हणा, ‘सर, कोश पाहूं या का?’ जो खरा शिक्षक आहे, तो तुमच्याबरोबर कोश उघडून बसेल.